पंचगंगा 39 फुटांवर, मग आपल्या गल्लीत किती? विद्यार्थी नवप्रयोग स्पर्धांसाठी हवामान-प्रकल्प कसा उभा करावा

कोल्हापुरात जुलै लागला की घराघरांत एकच आकडा विचारला जातो : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले, हेही लोकांना पाठ असतं. जुनी माणसं शिवाजी पुलाकडे बोट दाखवून ‘मच्छिंद्री झाली का’, म्हणजे पाणी पुलावरच्या माशाच्या खुणेला लागलं का, असं विचारतात. पण 43 फूट म्हणजे आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाणी की दारात? गोठ्यातली म्हैस 41 ला हलवायची की 44 ला? इथे बहुतेक जण गप्प होतात. 2019 आणि 2021 मध्ये नदी 55 फुटांच्या पुढे गेली. तेव्हा ‘2005 ला इथवर आलं नव्हतं’ या भरवशावर थांबलेली कितीतरी घरं अडकली.

हा प्रश्न आठवी-नववीतली मुलं सोडवू शकतात. त्यासाठी लेव्हल पाइप, रंगाचा डबा, वही आणि शेजाऱ्यांशी बोलण्याची तयारी एवढं पुरतं. असा प्रकल्प स्पर्धेतही नीट उभा राहतो. मी गेली काही वर्षं मुलांना अशा स्पर्धांसाठी तयार करतो आहे. थर्माकोलची धरणं आणि दिवे लागणारी ‘स्मार्ट गावं’ भरपूर पाहिली. मुलं त्यांवर रात्री जागवतात आणि प्रदर्शन संपलं की ती मॉडेलं शाळेच्या माळ्यावर जातात. मुलांची ती मेहनत गावाच्या उपयोगी पडावी, म्हणून हा लेख लिहितो आहे. मार्गदर्शक शिक्षक, विद्यार्थी आणि आठवड्यातून दोन तास देऊ शकणारे पालक यांच्यासाठी तो आहे.

माझा आग्रह एकच आहे. कामाचं वेळापत्रक स्पर्धेच्या तारखेवरून आखू नका, ऋतूवरून आखा. पुराचा प्रकल्प ऑक्टोबरात सुचला तर मोजायला पाणीच नसतं, आणि उन्हाचा प्रकल्प डिसेंबरात सुरू केला तर आकडे काल्पनिक येतात. परीक्षकांना ते लगेच कळतं.

पहिली पायरी : नेमकं काय करायचं ते ठरवा

हवामानबदलावरच्या कामाचे दोन भाग आहेत. एक, कोळसा-डिझेल कमी जाळून मूळ कारणाला हात घालणं. दुसरा, जे संकट येतंच आहे त्यात आपलं गाव, वस्ती, शेत कसं टिकेल ते पाहणं. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैच्या विनिशा उमाशंकर या मुलीने सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी बनवली. 2020 मध्ये तिला स्वीडनचा मुलांसाठीचा हवामान पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ग्लासगोच्या जागतिक परिषदेत ती बोलली. तिचं काम पहिल्या प्रकारातलं, आपण इथे दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतो आहोत. पण तिच्याकडून एक गोष्ट नक्की घ्या. घरासमोर इस्त्रीवाला जळका कोळसा टाकताना तिला दिसला आणि तिथून तिचा प्रश्न सुरू झाला.

‘दुष्काळावर उपाय’ हा विषय प्रकल्पासाठी फार मोठा आहे. ‘आमच्या वाडीतल्या पाच विहिरींना मार्चनंतर किती पाणी उरतं आणि ते आधी कळलं तर शेतकऱ्यांचा उन्हाळी पिकाचा निर्णय बदलेल का’ हा विषय हातात मावतो. विषय योग्य आकाराचा आहे का, हे पाहायची माझी कसोटी सोपी आहे. त्या वाक्यात जागा, माणसं आणि महिना आले पाहिजेत. तिन्हींपैकी एक जरी गळलं असेल तर वाक्य परत लिहा.

दुसरी पायरी : स्पर्धा निवडा, पण तिच्यासाठी विषय वाकवू नका

शाळेसाठी सगळ्यात जवळचं म्हणजे तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. तिथून जिल्हा, मग राज्य. तिथे समोर ठेवलेली वस्तू बोलते, म्हणून मोजणीवर आधारलेल्या प्रकल्पाला थोडी जास्त मेहनत घ्यावी लागते.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद मला या विषयासाठी सर्वांत योग्य वाटते. 1993 पासून ती भरते आहे. 10 ते 17 वयाची मुलं आपल्या परिसरातल्या एखाद्या प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास करून तो मांडतात. 2014-15 मध्ये तिचा मुख्य विषयच हवामान समजून घेणं हा होता. परीक्षक इथे नोंदवही मागतात, कुणाला भेटलात, किती वेळा मोजलंत असं विचारतात. मातृभाषेत मांडायची मोकळीक ही तिची मोठी ताकद आहे. ज्या भाषेत मुलाने आजोबांना प्रश्न विचारला, त्याच भाषेत तो उत्तर सांगतो तेव्हा त्याला घोकंपट्टी लागत नाही.

इन्स्पायर-मानक ही केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या मदतीने चालते. शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते. निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यावर 10,000 रुपये जमा होतात आणि त्यातून नमुना बनवायचा असतो. इथे कल्पना नवी असावी लागते. पाठ्यपुस्तकातला प्रयोग किंवा बाजारात मिळणारं यंत्र पाठवलं तर ते पहिल्याच चाळणीत गळतं. तुमच्याकडे नवी वस्तू असेल, उदाहरणार्थ पाण्याच्या वाढीबरोबर स्वतः वर सरकणारी खुणेची काठी, तर ही स्पर्धा धरा.

महाविद्यालयीन मुलांसाठी 2006 पासून राज्यातल्या विद्यापीठांमध्ये ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा चालते. तिच्यात शेती, अभियांत्रिकी, वैद्यक, मानव्यविद्या असे वेगवेगळे गट आहेत, त्यामुळे समाजशास्त्राची विद्यार्थिनीही पुरावर काम मांडू शकते. तांत्रिक शाखांसाठी 2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकाथॉन आहे. त्यात सहा जणांचा संघ लागतो आणि संघात किमान एक मुलगी असावीच लागते. तिथे बरेचसे प्रश्न मंत्रालयं आणि विभाग देतात. त्यातला एखादा पूर, उष्णता किंवा पीकविम्याशी जुळणारा सापडला तरच त्यात उतरा. शाळेत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असेल तर तिची साधनं वापरायची परवानगी जूनमध्येच मागून ठेवा.

अर्ज, वयोगट आणि तारखा यांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून त्या त्या वर्षीचं परिपत्रक मुलांनाच वाचायला लावा. सरकारी परिपत्रक वाचून त्यातली शेवटची तारीख शोधणं हेही शिकण्यासारखं काम आहे.

तिसरी पायरी : तीन फेऱ्या मारा

विषय वर्गात बसून ठरवू नका. मी मुलांना एकाच रस्त्याने तीनदा पाठवतो. पहिल्या फेरीत फक्त बघायचं : कुठे पाणी साचतं, कुठला पत्रा तापतो, कुठल्या विहिरीवर रांग लागते. दुसऱ्या फेरीत वयस्कर माणसांना विचारायचं, आणि ‘हवामान बदललंय का’ असं विचारायचं नाही. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘तुमच्या लग्नाच्या वर्षी या ओढ्याला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी होतं’ असं विचारा. माणसांना साल आठवत नाही, पण लग्न, पोराचा जन्म, बैलजोडी घेतल्याचं वर्ष नेमकं आठवतं. तिसऱ्या फेरीत बायकांना, शेतमजुरांना, भाड्याने राहणाऱ्यांना आणि दुकान-टपरीवाल्यांना विचारा. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलं ज्यांच्या अंगणात सहज जाऊन बसतात, त्यांचंच बोलणं वहीत आलेलं असतं. ज्यांच्या घरात पाणी सर्वांत आधी शिरतं ती घरं बहुतेक वेळा तिसऱ्या फेरीत सापडतात.

चौथी पायरी : मोजणी. इथेच सगळा प्रकल्प उभा राहतो

गल्लीतल्या पुराचंच उदाहरण घेऊ. कोल्हापूर शहर, प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातलं कुठलंही नदीकाठचं गाव डोळ्यांसमोर ठेवा. सांगलीकरांनी आयर्विन पुलाच्या 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका या पातळ्या धराव्यात. पद्धत तीच राहील.

सुरुवात जुन्या खुणांपासून करा. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे प्रत्येक ठिकाणी तीन घरांत वेगवेगळं विचारा. तिघं एकत्र असले की पहिला जे बोलेल तेच बाकीचे म्हणतात. कुणी विजेच्या बटणाकडे बोट दाखवेल, कुणी देव्हाऱ्याकडे. तिघांच्या सांगण्यात वीतभर फरक असेल तर चालतो, कमरेएवढा असेल तर ती खूण सोडून द्या.

याहून पक्का पुरावा लोकांच्या फोनमध्ये असतो. 2019 आणि 2021 च्या पुरात जवळजवळ प्रत्येकाने फोटो काढले. मूळ फोटोच्या माहितीत तारीख आणि वेळ नोंदलेली असते. मात्र व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत ती टिकत नाही, म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याच गॅलरीतून तो बघायला हवा. ही बारीक गोष्ट माहीत नसल्यामुळे आमच्या एका गटाचे दोन आठवडे वाया गेले होते.

फोटोची वेळ मिळाली की त्या दिवशी त्या सुमारास बंधाऱ्यावर नदी किती फुटांवर होती ते शोधा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची पत्रकं आणि त्या दिवसांची वर्तमानपत्रं यांत ते मिळतं. अशी एक-एक जोडी जमा करा : बंधाऱ्यावर इतके फूट, तेव्हा आमच्या गल्लीत पाणी इथे. दहा-बारा जोड्या झाल्या की चित्र दिसायला लागतं.

आता गल्लीची उंच-सखल मोजायची. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे लेव्हल पाइप, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. शाळेची पहिली पायरी ही कायमची खूण धरा. दोघांनी दोन टोकं धरून एकेका घराच्या उंबरठ्याची उंची त्या पायरीच्या तुलनेत नोंदवत जायचं. गल्ली संपली की मोजत-मोजत परत शाळेच्या पायरीवर या. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चुकला तर मोजणी पुन्हा करायची. एखाद्या जुन्या गवंड्याला अर्धा दिवस बोलावलंत तर मुलं यात पटाईत होतात, आणि गावातला एक माणूस प्रकल्पात सामील होतो.

इथे एक चूक हमखास होते. मुलं म्हणतात, ‘बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे त्याच उंचीवर आमच्या गल्लीतही पाणी असणार.’ तसं नसतं. वाहत्या नदीच्या पाण्याचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट नसतो, त्याला उतार असतो. शिवाय कोल्हापुरात जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून पाणी मागे फुगून येतं, म्हणजे काठ ओलांडण्याआधीच ते वस्तीत शिरतं. गल्लीतल्या पावसाचं तुंबलेलं पाणी आणखी वेगळं. म्हणून उंचीवरून गणित करू नका, प्रत्यक्ष दिसलेल्या जोड्यांवरूनच निष्कर्ष काढा. निष्कर्षही एका आकड्यात न देता पट्ट्यात द्या : ‘44 ते 45 फुटांच्या दरम्यान पाणी या कोपऱ्याला लागतं.’ एक आकडा रुबाबदार दिसतो खरा, पण त्याच्यावर विसंबून कुणी शेवटच्या फुटापर्यंत घरात थांबलं तर?

त्यानंतर वेळ बघा. मागच्या पुरांत नदी 39 वरून 43 ला जायला किती तास लागले? प्रत्येक पुरात उत्तर वेगळं येतं. त्यातलं सर्वांत कमी तासांचं धरा. मग उलटं मोजा. चार जनावरं ट्रॉलीत चढवून उंचावर न्यायला किती वेळ लागतो? आजीला खुर्चीसकट न्यायला किती माणसं लागतात? हे विचारून लिहू नका, मे महिन्यात एकदा खरोखर करून बघा आणि घड्याळ लावा. पुरात माणसं घर सोडायला तयार होत नाहीत याचं एक मोठं कारण गोठा असतं. प्रकल्पात जनावरांचा विचार नसेल तर लोक तो ऐकून घेतील आणि जागचे हलणार नाहीत.

यातून दोन वस्तू तयार होतात. एक, कोपऱ्यावरचा फलक. त्यावर बंधाऱ्याची पातळी आणि त्या पातळीला गल्लीत काय करायचं, एवढंच असावं. दुसरी, भिंतींवरच्या रंगाच्या खुणा. त्या काढण्याआधी घरमालकाची परवानगी घ्या. घरात आजारी किंवा अंथरुणाला खिळलेलं कोण आहे याची यादी फलकावर किंवा अहवालात कधीही नको. ती प्रभागातल्या किंवा ग्रामपंचायतीच्या जबाबदार माणसाकडे द्यायची. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक मात्र फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

फलक छापण्याआधी त्याची परीक्षा घ्या. शेजारच्या गल्लीतल्या पाच जणांना तो दाखवा आणि विचारा, ‘आज नदी 41 फुटांवर आहे. तुम्ही आत्ता काय कराल?’ दोघांनी जरी चुकीचं उत्तर दिलं तरी फलक बदला. माझ्या अनुभवात पहिला फलक नेहमी चुकतो. मुलांनी त्यावर सगळी मोजणी लिहिलेली असते, आणि घाबरलेल्या माणसाला एकच ओळ वाचता येते.

पूर आल्यावर मुलांनी मोजायला बाहेर पडायचं नाही. हा नियम पालकांच्या सहीने लेखी घ्या. गल्लीतल्या मोठ्यांनी खिडकीतून, गच्चीवरून काढलेले फोटो पुरेसे असतात. पाणी ओसरल्यावर आपला अंदाज आणि प्रत्यक्ष पाणी यांची तुलना करा. अंदाज चुकला असेल तर अहवालात तसंच लिहा. चूक दाखवून ती का झाली हे सांगणारा गट परीक्षकांच्या लक्षात राहतो.

तुमच्या गावात नदी नसेल तर

पत्र्याच्या वर्गखोल्या हा विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांसाठी चांगला विषय आहे. 2010 च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा बनवला. पत्रे-छपरं पांढरी रंगवण्याचं कामही त्या शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये झालं. शाळेत हे करायचं तर दोन सारख्या खोल्या निवडा. एक रंगवायची, दुसरी तशीच ठेवायची. पण रंगवण्याआधी किमान आठवडाभर दोन्ही खोल्यांचं तापमान नोंदवा, कारण झाडाची सावली, खिडकीची दिशा यांमुळे त्या मुळातच वेगळ्या असू शकतात. ही आधीची नोंद नसेल तर नंतरच्या फरकाला अर्थ उरत नाही. तापमापी भिंतीपासून दूर, एकाच उंचीवर, उन्हाबाहेर टांगा. पत्र्यावर चढून चुना लावायचं काम मोठ्यांनीच करायचं, कारण जुना पत्रा पायाखाली फाटतो आणि चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. हवामान खात्याच्या निकषाने मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि नेहमीपेक्षा 4.5 अंश जास्त असेल तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात, किनाऱ्यावर ती मर्यादा 37 अंशांची आहे. कोकणातल्या मुलांनी तापमानाबरोबर आर्द्रताही मोजावी, कारण घाम वाळत नाही हाच तिथला खरा त्रास असतो.

विहिरींच्या प्रकल्पाला धीर लागतो, पण तो मला फार आवडतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. जमिनीखालचं पाणी संपत आल्याची खबर आधी मिळाली तर पिकाचा निर्णय बदलता येतो. हिवरे बाजारला पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरतात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुम्ही गावातल्या पाच विहिरींची पातळी दर रविवारी मोजा. प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाची एक खूण करा आणि तिथूनच दोरी सोडा. सोबत मोठा माणूस असल्याशिवाय विहिरीच्या काठावर जायचं नाही.

याच्या जोडीला पर्जन्यमापक हवाच. सरळ भिंतीचा डबा घ्या, झाडापासून आणि भिंतीपासून लांब मोकळ्यावर ठेवा आणि रोज सकाळी 8:30 ला वाचा. हवामान खात्याचीही वेळ तीच, त्यामुळे तुमचे आकडे महसूल मंडळातल्या ‘महावेध’ या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. शाळेचं छप्पर 100 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर, आणि त्यातलं 80 टक्के पाणी हाती आलं तर 56,000 लिटर होतात. हे गणित पाचवीची मुलं फळ्यावर करतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

दरडींबद्दल मी सावध आहे. 2014 चं माळीण, 2021 चं तळिये, 2023 ची इर्शाळवाडी, तिन्ही जुलै महिन्यातली. डोंगराखालच्या वाडीतल्या मुलांना हा विषय घ्यावासा वाटणार, आणि त्यांचा तो हक्क आहे. पण त्यांनी उतारावर चढून भेगा मोजायच्या नाहीत, आणि ‘इतक्या पावसाला दरड कोसळते’ असा निष्कर्षही काढायचा नाही. तो अधिकार भूवैज्ञानिकांचा. शाळेच्या अंगणात पाऊस मोजायचा. जमिनीला भेग पडणं, झाड किंवा विजेचा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं ही लक्षणं दिसली तर वाडीतून तहसील कार्यालयापर्यंत निरोप किती मिनिटांत पोचतो, याची साखळी तयार करायची आणि तपासायची.

पैसे आणि यंत्रं

सेन्सर लावला की प्रकल्प मोठा होतो असा समज आहे. ‘सेन्सर बंद पडला तर गावात कुणाला दुरुस्त करता येईल?’ या प्रश्नाला उत्तर असेल तरच तो लावा. पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि आपल्याला यंत्र लागतं ते नेमकं त्याच वेळी. तापमान-आर्द्रतेचे छोटे सेन्सर काहीशे रुपयांत मिळतात, रात्रभराची नोंद ठेवायला ते उत्तम. पण त्यांच्या शेजारी आठवडाभर साधा तापमापी टांगून दोघांचे आकडे जुळतात का ते बघा. ॲप बनवायचा मोह झाला तर आधी गल्लीत कितीजण रोज ॲप उघडतात ते मोजा. ज्या गल्लीत रिक्षावरचा भोंगा सगळ्यांना ऐकू जातो, तिथे भोंगा हेच योग्य तंत्रज्ञान आहे.

नोंदवही आणि अहवाल

नोंदवही कोरी, शिवलेली असावी, सुट्या कागदांची नको. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, मोजणाऱ्याचं नाव. चुकीचा आकडा खोडरबरने पुसायचा नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचा. पावसात भिजलेलं, चहाचा डाग पडलेलं पान परीक्षकाला दिसू द्या. शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने सुंदर अक्षरात उतरवून काढलेली वही मी स्वतः परीक्षक म्हणून बाजूला ठेवली आहे. शिक्षकांनो, मुलांच्या वाक्यांना हात लावू नका. शुद्धलेखन सुधारा, विचार सुधारू नका.

परीक्षकांसमोर

मांडणीला जेमतेम सात-आठ मिनिटं मिळतात. त्यातली पहिली दोन प्रश्नावर द्या आणि गल्लीचं नाव घेऊन सुरुवात करा. ‘जागतिक तापमानवाढ ही आजची ज्वलंत समस्या आहे’ हे वाक्य परीक्षकांनी सकाळपासून वीस वेळा ऐकलेलं असतं. नवीन काय, किती वेळा मोजलं, कुणी वापरून पाहिलं, खर्च किती आणि दुसऱ्या गावात चालेल का, हे प्रश्न येणारच. शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या : पद्धत चालेल, आकडे चालणार नाहीत. प्रत्येक गल्लीने आपल्या जोड्या स्वतः जमवायच्या. उत्तर ठाऊक नसेल तर ‘आम्ही ते मोजलं नाही’ असं म्हणायचा सराव मुलांकडून घरीच करून घ्या. हे वाक्य म्हणायला त्यांना फार जड जातं.

स्पर्धेनंतरचे महिने

निकाल लागला की वही बंद होते, ती होऊ देऊ नका. 1 मेच्या ग्रामसभेत मुलांनी आपली मोजणी मांडावी यासाठी ग्रामसेवकांना एप्रिलमध्येच लेखी पत्र द्या, म्हणजे विषय विषयपत्रिकेवर येतो. ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात ग्रामपंचायतींच्या पर्यावरणविषयक कामाचं मूल्यमापन होतं. पत्रात त्याचा उल्लेख केला तर दारं लवकर उघडतात. शहरात हेच काम प्रभाग कार्यालय आणि मोहल्ल्यातल्या तरुण मंडळामार्फत होतं. गणपतीच्या मांडवात हा फलक लागला तर तो जितके लोक वाचतील तितके कुठल्याही प्रदर्शनात वाचत नाहीत.

मेच्या शेवटी सातवीतल्या चार मुलांना घेऊन गल्लीत जा. लेव्हल पाइप त्यांच्या हातात द्या आणि शाळेच्या पायरीपासून पुन्हा मोजा. मधल्या वर्षात रस्ता डांबराचा थर चढून उंच झालेला असतो, कुणी उंबरठा वाढवलेला असतो, नाल्यावर नवी फरशी आलेली असते. बदललेले आकडे लाल पेनाने लिहा, भिंतीवरच्या फिकट झालेल्या खुणा परत रंगवा आणि वही त्या चौघांच्या नावावर करा. जूनच्या पहिल्या पावसाच्या आत हे व्हायला हवं.